फील्ड कॅम्पपासून उलट मोजा : कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमार्गे भूशास्त्राची पदवी

माझं भूशास्त्राचं शिक्षण एक वर्ष लांबलं ते भूशास्त्रामुळे नाही, केमिस्ट्रीमुळे. आत्याने कितीतरी वर्षांपूर्वी भरलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा अखेर नंबर लागला आणि बारावी झाल्या झाल्या मी आईबाबांबरोबर नाशिकहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात आले. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच सत्रात फिजिकल जिऑलॉजी घेतलं, सहलीत मॅरिन हेडलँड्सच्या रस्त्याकडेला चर्ट नावाच्या लाल खडकाच्या घड्या पाहिल्या आणि माझं ठरलं. नाशिकला दगड म्हणजे काळा दगड, एवढंच ठाऊक होतं. मग हौसेने भूशास्त्राचे मिळतील ते सगळे कोर्स घेत सुटले. केमिस्ट्रीचं नंतर बघू म्हटलं. कोर्स निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या काउन्सेलरही ‘चालेल’ म्हणाल्या. नाही चाललं.

ही चूक दरवर्षी कुणीतरी करतं, म्हणून हा लेख. कॅलिफोर्नियाचंच सांगते, कारण तेच मला माहीत आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत.

आधी थोडक्यात रचना. कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे पहिली दोन वर्षं करायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत जायचं, याला ट्रान्सफर म्हणतात. सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या दोन व्यवस्था आहेत : यूसी, म्हणजे बर्कली, डेव्हिस, सांता बार्बरा वगैरे, आणि सीएसयू, म्हणजे सॅन होजे स्टेट, सॅक्रामेंटो स्टेट, लाँग बीच वगैरे. कोर्सचं वजन युनिटमध्ये मोजतात; राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात. ६० युनिटचे २,७६० डॉलर झाले. पुस्तकं, प्रवास, पार्किंग वेगळं. उत्पन्न कमी असेल तर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमध्ये ही फीसुद्धा माफ होते. ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचं कॉलेज’ असं एखादे काका समारंभात म्हणतीलच. त्यांना हा हिशेब सांगा आणि पुढे चला.

पहिली पायरी : शेवटाकडून सुरुवात

भूशास्त्राची पदवी जिन्यासारखी असते, मधली पायरी गाळता येत नाही. सगळ्यात वर असतो फील्ड कॅम्प. उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे डोंगरात राहायचं, रोज चालायचं आणि स्वतःच्या हाताने भूशास्त्रीय नकाशा काढायचा. ओवेन्स व्हॅलीजवळच्या पोलेटा फोल्ड्समध्ये तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या असे नकाशे काढत आल्यात. बहुतेक ठिकाणी याशिवाय बीएस, म्हणजे आपल्याकडच्या बीएस्सीसारखी पदवी, मिळत नाही.

आता वरून खाली उतरा. फील्ड कॅम्पला जायचं तर संरचनात्मक भूशास्त्र, म्हणजे स्तर कसे वाकतात आणि तुटतात ते, आणि गाळाच्या खडकांचा अभ्यास झालेला हवा. पेट्रोलॉजी, म्हणजे खडक कसे बनतात ते, हवं. पेट्रोलॉजीच्या आधी मिनरॉलॉजी, म्हणजे खनिजांचा अभ्यास. मिनरॉलॉजीच्या आधी जनरल केमिस्ट्री, बहुतेक ठिकाणी पूर्ण वर्षाची. संरचनात्मक भूशास्त्राला फिजिक्स किंवा निदान चांगलं गणित लागतं.

खरी मेख पुढे आहे. भूशास्त्राचे विभाग लहान असतात, त्यामुळे मिनरॉलॉजी वर्षातून एकदाच शिकवली जाते आणि ती बहुधा फॉलमध्ये, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रात, असते. ट्रान्सफरचे विद्यार्थी येतात तेही फॉलमध्येच. केमिस्ट्री झालेली नसेल तर मिनरॉलॉजीत बसता येत नाही. मिनरॉलॉजी हुकली की पुढच्या सत्रातली, म्हणजे स्प्रिंगची, पेट्रोलॉजी जाते, ती गेली की उन्हाळ्याचा कॅम्प जातो. एका कोर्समुळे सबंध वर्ष जातं. तेही युनिव्हर्सिटीच्या फीने आणि भाड्याच्या खोलीत राहून. माझं असंच गेलं.

म्हणून कम्युनिटी कॉलेजात असताना भूशास्त्राचा विद्यार्थी हा मुख्यतः केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि फिजिक्सचा विद्यार्थी असतो. मनाला पटायला जड आहे, पण तसंच आहे.

दुसरी पायरी : कुठे जायचं ते हेरून ठेवा

पहिल्याच सत्रात तीन-चार विभाग निवडा आणि नावांच्या पलीकडे जाऊन बघा. डेव्हिस, सांता क्रूझ आणि रिव्हरसाइडला विभागाचं नाव ‘अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्सेस’, यूसीएलएला त्यात ‘स्पेस’ही आहे. पण अर्व्हाइनचं ‘अर्थ सिस्टिम सायन्स’ हा निराळा मामला : वातावरण, समुद्र, हवामानबदल यांवर भर. उत्तम विषय आहे, पण हातोडा घेऊन डोंगर चढायचे असतील तर तुमचा नव्हे.

नावाचा प्रश्न पुढे परवान्यापर्यंत जातो. कॅलिफोर्नियात भूशास्त्रीय अहवालावर स्वतःच्या जबाबदारीने सही करायची तर प्रोफेशनल जिऑलॉजिस्टचा परवाना लागतो. त्यासाठी अनुभवाची वर्षं आणि परीक्षा तर आहेतच. शिवाय पदवी भूशास्त्राची किंवा परवाना मंडळाला जवळची वाटेल अशा विषयाची असावी लागते. नाहीतर भूशास्त्राचे ३० सेमिस्टर युनिट दाखवावे लागतात, त्यांतले निदान २४ वरच्या वर्गांचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे. कम्युनिटी कॉलेजातला एकही कोर्स त्या २४ मध्ये मोजला जात नाही. हौसेने घेतलेले माझे जादा भूशास्त्राचे कोर्स इथेही उपयोगी पडले नाहीत!

बीए आणि बीएस दोन्ही असतील तर दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. बीएमध्ये गणित-फिजिक्स सहसा कमी असतं. शिक्षक व्हायचं असेल तर बीए पुरेल. नोकरीचा विचार भूजल, भूकंप किंवा बांधकामाच्या बाजूचा असेल तर बीएसच घ्या, असं माझं मत.

आणि विभाग जिवंत आहे ना, तेही बघा. २०२५ च्या जानेवारीत सोनोमा स्टेटने खर्चकपातीत भूशास्त्रासकट अनेक विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते नाव यादीत धरून दोन वर्षं तयारी केलेल्यांचं काय झालं असेल, कल्पना करा. यादीत एकच नाव कधीच ठेवू नका.

तिसरी पायरी : असिस्टची सवय लावा

असिस्ट डॉट ऑर्ग हे राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. तुमचं कॉलेज, हवी ती यूसी किंवा सीएसयू आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडा, की कुठला कोर्स तिकडच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जाईल ते एका पानावर दिसतं. काउन्सेलरपेक्षा या पानावर विश्वास ठेवा. काउन्सेलर वाईट नसतात, पण त्यांच्याकडे शंभर मेजरचे विद्यार्थी येतात आणि भूशास्त्राचा वर्षाकाठी एखाद-दुसरा. ते पान छापून घेऊनच भेटीला जा.

वाचताना तीन गोष्टी बघा. एक, फिजिक्स कॅल्क्युलसवालं मागितलंय की बीजगणितवालं. चुकीचं घेतलं तर सगळं पुन्हा. दोन, कोर्सच्या जोड्या : काही ठिकाणी केमिस्ट्रीचे दोन्ही भाग एकत्रच मान्य होतात, एकट्याला किंमत नसते. तीन, ‘समकक्ष कोर्स नाही’ असं लिहिलेले विषय; ते तिकडे गेल्यावरच करायचे आहेत, त्यांची आत्ता चिंता नको.

इथे क्वार्टर आणि सेमिस्टरचा घोळ समजून घ्या. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, शेजारचं ओलोनी किंवा वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर. सेमिस्टरचं एक युनिट म्हणजे क्वार्टरची दीड. हिशेब सोपा आहे, पण अभ्यासक्रमाचे तुकडे वेगळे पडतात. कॅल्क्युलसचा पहिला भाग क्वार्टरवाल्या कॉलेजात आणि दुसरा सेमिस्टरवाल्या कॉलेजात घेतलात तर मधला काही भाग कुठेच शिकवला जात नाही, आणि युनिव्हर्सिटी मान्य करताना कुरकुरते. जी मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा.

चौथी पायरी : दोन वर्षांचा आराखडा

सेमिस्टर कॉलेज धरून मी आज नव्याने सुरुवात केली असती तर अशी केली असती.

पहिला फॉल : कॅल्क्युलस १, जनरल केमिस्ट्री १, फिजिकल जिऑलॉजी लॅबसकट.
पहिला स्प्रिंग : कॅल्क्युलस २, केमिस्ट्री २, इंग्रजी लेखन.
उन्हाळा : सामान्य शिक्षणाचे, म्हणजे मेजरबाहेरचे पण सगळ्यांना लागणारे, एक-दोन कोर्स, ऑनलाइन चालतील.
दुसरा फॉल : फिजिक्स १, क्रिटिकल थिंकिंगचं इंग्रजी, सामान्य शिक्षणाचे दोन.
दुसरा स्प्रिंग : फिजिक्स २, हिस्टॉरिकल जिऑलॉजी, उरलेलं सामान्य शिक्षण.

फिजिकल जिऑलॉजी पहिल्याच सत्रात ठेवलंय ते मुद्दाम. हा विषय आपल्याला खरंच आवडतो का, ते लवकर कळलेलं बरं. लॅबच्या कपाटात हिरवट अपोफायलाइटच्या स्फटिकांवर ‘पुणे, भारत’ अशी चिठ्ठी दिसली आणि मी क्षणभर तिथेच खिळले. आपल्याकडच्या खाणकामगारांनी बसाल्टच्या पोकळ्यांतून काढलेला तो दगड जगभरच्या संग्रहांत आहे, आणि मला तो पहिल्यांदा भेटला इथे!

जनरल केमिस्ट्रीत बसण्याआधी अनेक कॉलेजं एक प्राथमिक कोर्स किंवा परीक्षा मागतात. बारावी सायन्स झालं असेल तर परीक्षा द्या, एक सत्र वाचेल. कॅल्क्युलसचंही तसंच : आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला थेट कॅल्क्युलसमध्ये बसवण्याकडे कल आहे. मात्र बारावीच्या गुणांचे इथे युनिट होतील, या आशेवर आराखडा बांधू नका. आणि भारतात एफवाय केलं असेल, अगदी अर्धवट सोडलं असेल, तरी अर्जात ते लिहायचंच. आधीचं प्रत्येक कॉलेज दाखवणं बंधनकारक आहे. लपवलेलं नंतर सापडलं तर मिळालेला प्रवेशही जातो.

हिस्टॉरिकल जिऑलॉजी अनेक कॉलेजांत वर्षातून एकदाच असते, आणि नावनोंदणी कमी झाली की वर्ग रद्दही होतो. प्राध्यापकांना आधीच विचारून ठेवा. त्यांचा विभाग तीन-चार माणसांचाच असतो. नावाने ओळखतात, मनापासून सांगतात.

सामान्य शिक्षणासाठी २०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांना कॅल-जेटसी हा एकच साचा आहे : ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट. यूसी आणि सीएसयू दोन्हींना चालतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आयजेटसी हे नाव ऐकाल, तो आधीचा साचा. विज्ञानाच्या मुलांनी याच्यामागे लागून केमिस्ट्री मागे टाकू नये, इतकंच.

पाचवी पायरी : कुठली हमी घ्यायची

दोन हम्या आहेत. सीएसयूसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. भूशास्त्राची अशी पदवी काही कॉलेजांत आहे. तिच्या गाभ्यात फिजिकल आणि हिस्टॉरिकल जिऑलॉजी, वर्षभराची केमिस्ट्री आणि वर्षभराचं कॅल्क्युलस असतं. ६० युनिट आणि निदान २.० जीपीए (गुणांची सरासरी, ४ पैकी) असेल तर सीएसयूत कुठेतरी जागा नक्की. कुठेतरी, हव्या त्याच कॅम्पसमध्ये नव्हे. शिवाय जुळणाऱ्या मेजरमध्ये उरलेल्या ६० युनिटांत पदवी पूर्ण करता यावी, अशी सोय असते.

यूसीसाठी टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी घेता येतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्षाची सुरुवात होते न होते तोच. जीपीएची अट कॅम्पसगणिक वेगळी असते, त्या वर्षीची यादी बघूनच ठरवा. टॅग असला तरी मुख्य अर्ज भरावाच लागतो. हे न समजल्याने जागा गमावलेला एक मुलगा माझ्याच वर्गात होता.

यूसीची किमान अट रहिवाशाला २.४ आणि बाहेरच्याला २.८ जीपीए, अर्थात किमान म्हणजे पुरेसं नव्हे. पण भूशास्त्राला कॉम्प्युटर सायन्ससारखी झुंबड नसते. केमिस्ट्रीत एक सी आला म्हणून घरी सुतक पाळू नका.

सहावी पायरी : अर्ज

अर्ज १ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. शेवटच्या रात्री भरू नका, संकेतस्थळ रांगतं. यूसीला ट्रान्सफर विद्यार्थ्याने चार प्रश्नांची उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांत. एक सक्तीचा, बाकी तीन सातांतून निवडायचे. सक्तीचा प्रश्न हाच, की या मेजरसाठी काय तयारी केली.

आपली मुलं इथे ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती’ असं काहीतरी लिहितात. नका लिहू. तुमच्या घरात विषय आधीच पडलेला आहे. कुणाच्या बाबांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. कुणाच्या मामाने शेतात चार बोअर मारले, तीन कोरडे गेले, का गेले? बसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि कुजलेल्या थरात असतं, घट्ट खडकात नसतं, हे इथे शिकल्यावर मला मामाचं शेत पहिल्यांदा कळलं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते कुणी टीव्हीवर पाहिलंय. ते लिहा आणि त्याला कुठल्या कोर्सने, कुठल्या सहलीने उत्तर दिलं ते लिहा.

जानेवारीत यूसी तुमचे फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे कोर्स पुन्हा विचारते, ३१ जानेवारीपर्यंत. हा फॉर्म विसरणारे खूप. अर्जात लिहिलेला कोर्स नंतर सोडायचा झाला तर युनिव्हर्सिटीला कळवून मगच सोडा.

व्हिसा आणि रहिवासाचं

नव्याने आलेल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. ग्रीन कार्ड असलं तरी राज्यात वर्षाहून अधिक राहिल्याशिवाय रहिवाशाची फी लागू होत नाही. माझं पहिलं वर्ष बाहेरच्या दराने गेलं, कित्येक पटींनी महाग. आज असते तर त्या वर्षी केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एवढंच घेतलं असतं, बाकी थांबलं असतं.

एच-४ वर, म्हणजे आई किंवा बाबांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसाच्या आधारे, असलेल्या मुलांनाही वर्षाच्या अटीनंतर रहिवासी ठरता येतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सहसा नाही. एच-४ च्या मुलांना फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. ट्रान्सफर नेमका २०-२१ व्या वर्षी येतो. तेव्हा एफ-१ वर जावं लागलं तर फीचं गणित पार बदलतं. हे विसाव्या वाढदिवसाच्या आधी वकिलाशी आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून नव्हे.

हातोडा, सहली आणि आईचा प्रश्न

सामानावर पैसे उधळू नका. दहापट दिसणारं भिंग गळ्यात हवं, चांगले बूट हवेत, पाण्यात न भिजणारी वही असली तर छान. ब्रंटन कंपास, म्हणजे भूशास्त्रज्ञांचं होकायंत्र, शेकडो डॉलरना असतो, तो विभाग वापरायला देतो. हातोडा घेण्याआधी लक्षात ठेवा, नॅशनल पार्कात दगड फोडणं आणि उचलणं दोन्ही बेकायदा आहे.

सहली मात्र सोडू नका. अनेक कॉलेजांत डेथ व्हॅली, ओवेन्स व्हॅली किंवा लॅसनचे एक-एक युनिटचे फील्ड कोर्स असतात. जादा भूशास्त्र घ्यायचंच असेल तर हे घ्या. तंबूत झोपणं, वाऱ्यात नोंदी करणं, उन्हात पाण्याचा अंदाज घेणं : कॅम्पला हेच लागतं. वेळ उरला तर जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा, एक कोर्स करा, पहिली नोकरी बहुधा त्यावर मिळते.

‘दगडांचं शिकून पुढे काय?’ हे आईने मला विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे. १९७२ च्या अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्यानुसार, नकाशावर आखलेल्या सक्रिय प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात बांधकाम करायचं तर आधी भूशास्त्रीय तपासणी लागते; हेवर्ड फॉल्ट हा असाच प्रस्तरभंग तर दाट वस्तीतून जातो, बर्कलीच्या फुटबॉल स्टेडियमखालूनही. २०१४ च्या भूजल कायद्याने खोऱ्याखोऱ्यांत पाण्याचा हिशेब ठेवणं सक्तीचं केलं. मी त्याच हिशेबावर काम करते : विहिरींची पातळी मोजणं, नोंदी तपासणं, अहवाल लिहिणं. आईला हे ‘बोअरवाल्यांचं काम’ वाटतं आणि ती फारशी चूक नाही.

प्रवेश आल्यावर

यूसीची उत्तरं एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. अंतिम गुणपत्रक १ जुलैपर्यंत कॉलेजकडून थेट पाठवायचं. आणि होकार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी विभागाच्या सल्लागाराला ईमेल करा : केमिस्ट्री झाली आहे, फॉलच्या मिनरॉलॉजीत जागा हवी, सोबत गुणपत्रकाची प्रत. ट्रान्सफरवाल्यांची नोंदणी बहुधा उशिरा होते आणि त्या वर्गाच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक असतात तेवढ्याच जागा असतात.